दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा सापडला, तर परवाना कायमचा काढावा का?

धुळवाट

पहिल्यांदा सापडलेल्याला दंड व्हावा, काही महिने परवाना निलंबित व्हावा, इथपर्यंत माझं कुणाशी भांडण नाही. मी विचारतेय दुसऱ्या वेळेबद्दल. एकदा न्यायालयात उभा राहिलेला, दंड भरलेला, परवाना परत मिळालेला माणूस पुन्हा पिऊन स्टिअरिंगवर बसतो, तेव्हा त्याला धोका माहीत नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही. माझं मत स्पष्ट आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरला की परवाना कायमचा रद्द करावा.

१९८० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात कॅंडेस लाइटनर यांची तेरा वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेने चालत असताना गाडीखाली गेली. चालक प्यायलेला होता. त्याला यासाठी आधीही शिक्षा झाली होती, आणि दुसऱ्या एका अपघाताच्या प्रकरणात तो नुकताच जामिनावर सुटला होता. त्याच वर्षी या आईने पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध मातांची संघटना उभी केली. पुढे १४ मे १९८८ला केंटकी राज्यात कॅरोल्टनजवळ हमरस्त्यावर उलट्या दिशेने आलेली गाडी एका बसवर आदळली. बसमधले २७ जण गेले, बहुतेक अठरा वर्षांखालचे. त्याही चालकाला पिऊन गाडी चालवल्याबद्दल पूर्वी शिक्षा झालेली होती.

मला जास्त राग येतो तो आपल्या सगळ्यांच्या वागण्याचा. चोरी करताना सापडलेल्या नातेवाइकासाठी आपण मान खाली घालतो. पिऊन गाडी चालवताना सापडलेल्याला सोडवायला मात्र घरातले चार जण ओळखी काढून फोन लावतात. 'कितीही घेतली तरी गाडी सरळ चालवतो' हे तर कौतुकाने सांगितलं जातं. समाजालाच ही गोष्ट किरकोळ वाटत असेल, तर निदान कायद्याने तरी तिला किरकोळ मानू नये.

मैलदगड

राग समजतो, पण उपायाशी असहमत. परवाना काढला म्हणजे माणूस गाडीतून उतरला, असं होत नाही. निलंबन झालेल्यांपैकी पुष्कळ जण गाडी चालवतच राहतात, हे अनेक देशांत दिसलेलं आहे. आज जो परवाना आणि विमा घेऊन चालवतोय तो उद्या दोन्हींशिवाय चालवेल. त्याने कुणाला उडवलं तर भरपाई कुणाकडून वसूल करायची? ज्यांना वाचवायचं म्हणून कायदा कडक करायचा, त्यांचेच हात रिकामे राहतील.

दुसरी गोष्ट घरच्यांची. गाडी चालवण्यावरच ज्याचं पोट आहे, किंवा जिथे कामावर पोचायला दुसरं साधन नाही, तिथे परवान्याबरोबर घरातली मिळकत जाते. बायको-मुलांनी काय केलंय? ठरावीक मुदतीची बंदी मला मान्य आहे, जन्मभराची नाही.

धुळवाट

ज्याचं पोट गाडीवर आहे त्याने तर पिऊन गाडीला हातच लावायला नको. ज्याच्या हाती रोज इतरांचे जीव असतात त्याला जास्त सवलत द्यायची, हे माझ्या गळी उतरत नाही.

विम्याचा मुद्दा रास्त आहे. पण त्यातून बंदी मोडणाऱ्याला जबर शिक्षा हवी, एवढंच निघतं. बंदीच नको, असं नाही निघत.

पारिजात

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात बरीच वर्षं समुपदेशन करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सापडणाऱ्यांत एक मोठा गट असा असतो ज्यांचं पिणं त्यांच्या ताब्यात राहिलेलं नसतं. शिक्षेची भीती सकाळी असते, संध्याकाळी पहिल्या पेल्याबरोबर ती जाते. रोज पिणाऱ्याचं शरीर सरावतं. बोलणं अडखळत नाही, चाल डळमळत नाही, त्यामुळे त्याला स्वतःला आणि आजूबाजूच्यांना तो शुद्धीवर वाटतो. पण अचानक समोर काही आलं की ब्रेकवर पाय जायला उशीर होतो तो होतोच. 'कितीही घेतली तरी सरळ चालवतो' हे वाक्य आम्हाला धोक्याची खूण म्हणून शिकवलेलं आहे. शिवाय १०० मिली रक्तातली दारू तासाला सरासरी १५ मिलीग्रॅमच्या आसपास उतरते. कॉफी, गार पाणी, लिंबू यांनी हा वेग वाढत नाही. रात्री भरपूर प्यायलेला माणूस सकाळी आंघोळ करून निघतो तेव्हाही रक्तात बरीच शिल्लक असू शकते, आणि तो मनापासून शपथेवर सांगतो की मी आज प्यायलोच नाही.

म्हणून मला जर्मनीची पद्धत पटते. तिथे रक्तात हजारी १.६ भाग किंवा त्याहून जास्त दारू सापडली, किंवा माणूस पुन्हा पुन्हा सापडला, तर बंदीची मुदत संपली म्हणून परवाना आपोआप हातात येत नाही. वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय परीक्षा द्यावी लागते. पुष्कळांना कित्येक महिने दारू न घेतल्याचा पुरावा लघवीच्या किंवा केसांच्या तपासणीतून द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये दहा वर्षांत दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला सहसा किमान तीन वर्षं बंदी असते, आणि त्यानंतरही डॉक्टरांच्या तपासणीतून जावं लागतं.

कायमचं दार बंद केलं तर सुधारायचं कशासाठी, हा प्रश्न माझ्यासमोर बसलेला माणूस मला विचारेल. त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे असलं पाहिजे.

पानगळ

पारिजात, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण माझा मावसभाऊ ज्याच्या गाडीखाली गेला त्याचा परवाना त्याआधी एकदा निलंबित होऊन परत मिळालेला होता. त्याला दुसरी संधी मिळाली, भावाला नाही मिळाली. परीक्षा घेणाऱ्याचा अंदाज चुकला तर त्याची किंमत परीक्षा घेणारा मोजत नाही, परीक्षा देणाराही मोजत नाही. ती मोजतो रस्त्यावरचा तिसराच कुणीतरी, ज्याला कुणी काही विचारलेलं नसतं.

सुधारा ना, जरूर सुधारा. दारू सुटल्याचं बक्षीस म्हणून स्टिअरिंगच कशाला हवं?

कलमदान

पानगळ, तुमचं दुःख मोठं आहे, त्यावर वाद घालणार नाही. वकिलीच्या अनुभवावरून एक अडचण मांडतो.

कायदा आधीच मऊ नाही. भारतातच २०१९च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि सवयीने दारूच्या आहारी गेलेल्याचा परवाना रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला फार आधीपासून आहे. अडतं ते दुसरा गुन्हा हा दुसरा आहे हे सिद्ध होण्यात. पहिल्या खटल्याची नोंद दुसऱ्या न्यायालयासमोर आलीच नाही, तर तिसऱ्यांदा सापडलेलाही पहिल्यांदाच सापडल्यासारखा दंड भरून बाहेर पडतो. त्यात जन्मभराची बंदी आणली की आरोपी तपासणीलाच नकार देतील, रक्ताच्या नमुन्यावर वर्षानुवर्षं भांडतील, आणि न्यायाधीशाचा हातही थोडा अडखळेल.

सापडण्याची खात्री शिक्षेच्या आकारापेक्षा जास्त काम करते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२मध्ये रस्त्यावर कुणालाही थांबवून श्वासतपासणी सुरू केली आणि रस्त्यावरचे मृत्यू लगेच ठळकपणे कमी झाले. अमेरिकेत साउथ डकोटाने २००५पासून वेगळा प्रयोग केला. वारंवार सापडलेल्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ श्वासतपासणीला हजर राहायचं. प्यायलेला सापडला किंवा आलाच नाही तर लगेच एक-दोन दिवस कोठडी. लांबलचक शिक्षा नाही, पण टळतही नाही. या पद्धतीमुळे पुन्हा सापडणाऱ्यांच्या अटका सुमारे १२ टक्क्यांनी घटल्या, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं.

मैलदगड

कलमदान +१. आणि इग्निशन इंटरलॉकचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? गाडी सुरू करायच्या आधी नळीत फुंकायचं, श्वासात दारू असेल तर इंजिन सुरू होत नाही. दुसऱ्याकडून फुंकून घेता येऊ नये म्हणून चालू गाडीतही मध्येच पुन्हा फुंकायला लावतात, आणि सगळ्याची नोंद राहते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने २००५ साली दोषी ठरलेल्या प्रत्येकाला, अगदी पहिल्या वेळेलाही, हे सक्तीचं केलं. यंत्र बसवलेलं असतं तोवर पुन्हा सापडण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटतं, असं अभ्यासांमध्ये दिसलंय. काम चालू राहतं, घर चालू राहतं, रस्ताही सुरक्षित.

धुळवाट

वाक्य पूर्ण करा. यंत्र काढलं की तो फायदा बऱ्याच अंशी ओसरतो, हेही त्याच अभ्यासांमध्ये आहे. म्हणजे माणूस बदलला नाही, फक्त गाडी अडली.

खडकवाट

मग गाडीच घ्या की. डेन्मार्क २०२१पासून घेतं. रक्तात हजारी २ भागांपेक्षा जास्त दारू असेल तर गाडी जप्त, मालक दुसरा असला तरी. लॅटव्हियाने तर अशा जप्त गाड्या २०२३मध्ये युक्रेनला पाठवून दिल्या. परवान्याशिवाय चालवता येतं, गाडीशिवाय नाही.

मैलदगड

आणि ती गाडी बायकोच्या नावावर, तिच्या कर्जावर घेतलेली असेल तर? नवऱ्याला अडवायची ताकद तिच्यात असती तर तो आधीच थांबला असता. हप्ते मात्र तीच भरणार.

पारिजात

हे अगदी खरं आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांनी किल्ल्या लपवून मार खाल्लेला आहे. कुठलाही नियम करताना त्या डोळ्यांसमोर असाव्यात.

धुळवाट, यंत्र काढल्यावर सवय परतते हे मान्य. म्हणूनच यंत्राच्या जोडीला उपचार सक्तीचे हवेत, आणि यंत्र काढायचं ते तारीख बघून नाही. त्यातल्या नोंदी सलग स्वच्छ असतील तरच.

धुळवाट

इतकं वाचून माझ्या मागणीत एक बदल करते. दुसऱ्या वेळेला किमान पाच वर्षं पूर्ण बंदी, तीत कामाची सवलत नाही. नंतर जर्मनीसारखी परीक्षा, आणि पुढे यंत्राशिवाय कधीच नाही. यंत्राशी छेडछाड केली किंवा तिसऱ्यांदा सापडला, तर मात्र कायमचा रद्द. नोंदींचा घोळ आहे म्हणून कायदा सौम्य ठेवायचा, हे मला अजूनही पटत नाही. नोंदी सुधारा.

कलमदान

उलट्या क्रमाने करा, एवढंच म्हणणं आहे. आधी प्रत्येक शिक्षा परवान्याच्या क्रमांकाला जोडली जाऊ दे, मग पाच वर्षांची बंदी आणा. नाहीतर ती फक्त त्यालाच लागू होईल ज्याला वकील परवडत नाही.

पानगळ

पाच वर्षं मला कमीच वाटतात, आणि तिसऱ्या वेळेची वाट पाहणंही पटत नाही. पण नोंदी जोडण्याची मागणी कुठे लेखी पाठवणार असाल, तर माझी सही धरा.