तळेवाडी उठली. बाकीच्या वाड्यांनीही रान सोडावं का?

कणकुंबीचा भाचा:
बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडीच्या 27 कुटुंबांना प्रत्येकी 15 लाख देऊन सरकार बाहेर बसवतंय. आता गवाळी, आमगाव, पास्टोलीनेही उठावं, म्हणजे जनावरांना रान मोकळं होईल, असं बेळगावात जो तो बोलतोय. मला हे अजिबात पटत नाही.

माझ्या मामाचं घर त्याच रानात. गेल्या सुगीत दोन गवे रात्रभर त्याच्या भातात बसले. सकाळी कापणीला आलेलं भात चटईसारखं दाबलेलं, मधोमध शेणाचे पो. मामाने शिव्या घातल्या, पण तारेत करंट सोडला नाही. करंट सोडतात ते खाली, जिथे रान संपून ऊस लागतो तिथे. आणि कणकुंबीला याच डोंगरात कळसा ओढ्याचं पाणी वळवायला कालवा खणला, त्याचं काय? म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादाने 2018 मध्ये कळसा-भांडुरा या ओढ्यांचं 3.9 टीएमसी पाणी मलप्रभेत वळवायला मुभा दिली. रानाला 27 घरं जड होतात, कालवा नाही?

आमगावची सून:
भाऊ, तुम्ही सुगीला येता आणि परत जाता. आम्ही जून ते सप्टेंबर तिथेच असतो. दोन वर्षांमागे सासूबाईंना भर पावसात ताप चढला. बांबूला घोंगडी बांधली, वर प्लॅस्टिकचा कागद, आणि चौघांनी चिखलातून नेलं. ओढा उतरायची वाट बघत तासभर थांबलो. म्हातारीच्या पोटऱ्यांवरच्या जळवा मी हाताने काढत होते. रस्ता मागितला तर अभयारण्य आडवं येतं. पहाटे पाण्याला गेलं की अस्वलाची धास्ती. वारा उलटा असला तर त्याला आपली चाहूलच लागत नाही, एकदम समोर येतं आणि तोंडावरच झेपावतं. माझ्या मुलीने हे सगळं का सोसायचं? मला जायचंय.

टिळकवाडी:
ताईंशी सहमत, पण मी जनावरांच्या बाजूने बोलतो. भीमगड जेमतेम 190 चौरस किलोमीटर. रस्ता गेला की गाड्या जातात, मागून रिसॉर्ट. तिथल्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ कित्येक वर्षं जगात दुसरीकडे कुठे सापडलंच नव्हतं. त्याला कुठे उठवून बसवणार? 2022 च्या ऑगस्टमध्ये बिबट्या आपल्या बेळगावच्या गोल्फ मैदानात शिरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधायला शिवमोग्याजवळच्या सक्रेबैल हत्ती कॅम्पातून हत्ती आणले. रान तुटत गेलं तर हे वारंवार होणार.

नंदगडकर:
15 लाख किती दिवस पुरतील? पैसा संपतो, जमीन राहते. भात पिकवणारा माणूस खानापुरात येऊन हमाली करणार का?

कणकुंबीचा भाचा:
टिळकवाडी, वटवाघळाची काळजी मलाही आहे. पण माणसं उठवून मोकळ्या केलेल्या रानात उद्या रिसॉर्ट येणार नाही, हे लिहून कोण देणार? कोणी जनावर मारलं, कोणी झाड तोडलं, हे आधी वाडीला कळतं. आमगावच्या ताई, तुमचं मात्र मला खोडता येत नाही. तो कागद आणि त्या जळवा वाचून मामीला फोन केला. ती म्हणाली, "मलाही जायचंय, मामाला सांगू नकोस." इतक्या वर्षांत मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

आमगावची सून:
मामींना ग्रामसभेत बोलायला सांगा. वनहक्क कायदा गावाची लेखी संमती मागतो, ती फक्त पुरुषांनी द्यायची नाही. आणि माझी अटही लिहून ठेवा: पैसे नकोत, बदल्यात पाण्याची सोय असलेली जमीन हवी, सगळी घरं एकाच जागी हवीत. आमचा देव तिथेच राहणार, वर्षातून एकदा पूजेला जायची वाट बंद करायची नाही.