विस्टार जातीच्या उंदीर-माद्यांचं गर्भाशय २०व्या दिवशी रिकामं: गर्भ रुजलेच नाहीत की रुजून विरले?

रावपुरा_टॉक्स
मेथॉक्सिक्लोर (कीटकनाशक) मक्याच्या तेलात, गर्भावस्थेच्या १ ते ७ दिवसांत रोज गॅव्हाजने (नळीने थेट पोटात) दिलं. योनीच्या स्मिअरमध्ये शुक्राणू दिसले तो दिवस शून्य. २०व्या दिवशी वरच्या डोसच्या काही माद्या रिकाम्या, कंट्रोल (मेथॉक्सिक्लोर न दिलेला गट) ठीक. १०० टक्के प्री-इम्प्लांटेशन लॉस (रुजण्याआधीच गर्भ गेले) लिहू का?

मांडवीकर
इतक्यात नको. फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी गर्भाशय उघडून १० टक्के अमोनियम सल्फाइडमध्ये दहा मिनिटं बुडवा. गर्भ रुजून विरला असेल तर त्या जागी उरलेल्या लोहामुळे काळा ठिपका उमटतो. फ्यूम हूडमध्येच करा, हायड्रोजन सल्फाइड सुटतो. ठिपके आले तर तो पोस्ट-इम्प्लांटेशन लॉस (रुजल्यानंतर गर्भ गेला), विषय संपला.

रावपुरा_टॉक्स
केलं, ठिपके नाहीत. पण कॉर्पोरा ल्युटिया (अंडं सुटल्यावर अंडाशयात उरणाऱ्या पिवळ्या गाठी) भरपूर आहेत. मग प्री-इम्प्लांटेशन लॉसचं सूत्र लावता येईल ना?

कमाटीबाग
नाही, इथेच बहुतेक जण फसतात. (ल्युटिया वजा रुजलेले गर्भ), भागिले ल्युटिया, हे गाभण मादीचं गणित. रिकाम्या मादीची खोटी गर्भावस्था १२-१४ दिवसांत आटोपते आणि ती पुन्हा चार-पाच दिवसांच्या चक्राला लागते. २०व्या दिवशी तुम्ही मोजताय त्यातले बरेच ल्युटिया नंतरच्या चक्रांचे.

वेगळे गट ठेवा. गर्भावस्थेच्या दुसऱ्या दिवशी बीजवाहिनी आणि गर्भाशय वेगवेगळे फ्लश करा (द्रवाने धुऊन आतलं बाहेर काढा). कंट्रोलमध्ये भ्रूण अजून बीजवाहिनीतच हवेत. डोसच्या गटात ते गर्भाशयात सापडले तर वाहतूक वेळेआधी झाली. मेथॉक्सिक्लोरबाबत हा संशय आधी घ्यावा, कारण शरीरात त्याचं इस्ट्रोजेनसारखं काम करणारं रूप बनतं. चौथ्या दिवशी सकाळी ब्लास्टोसिस्ट (रुजण्याआधीच्या अवस्थेतले भ्रूण) मोजा. ते नीट आहेत आणि नवव्या दिवशी गर्भाशयावर मण्यांसारख्या गाठी नाहीत, तर दोष रुजण्यात. फ्लशमध्ये नुसती अफलित अंडी निघाली तर प्रश्न फलनाचा, आणि पहिल्या दिवसापासून दिलेल्या डोसवर तो ढकलता येणार नाही. नर तपासा.

मांडवीकर
जुन्या पेपरांशी तुलना करताना शुक्राणूंचा दिवस त्यांनी शून्य धरलाय की एक, ते बघा. एवढ्यानेच डोसची खिडकी सरकते. माद्यांनी खाणं कमी केलं असेल तर तेवढंच खाद्य दिलेला पेअर-फेड गट हवाच. मे महिन्यात बडोद्यात एसी रात्री बंद पडला तरी गर्भ जातात, तेव्हा खोलीच्या तापमानाची नोंद जोडा. आणि आकडेवारीत एकक मादी, गर्भ नव्हे.

कमाटीबाग
वाढीव गटांसाठी नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या, जुन्या अर्जातल्या संख्येत ते बसणार नाहीत.