थंडरबर्ड सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात गोठते: कोणत्या क्रमाने तपासावे?

मुक्ताक्षर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या संगणकावर विंडोज आहे आणि ई-मेलसाठी मी बरीच वर्षे थंडरबर्ड वापरत आहे. अलीकडे ते सुरू होते, डावीकडे फोल्डरांची यादी दिसते, इनबॉक्समधील पत्रांचे विषयही क्षणभर झळकतात, आणि मग खिडकी पांढुरकी पडून वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे येते. वाट पाहूनही काही हलत नाही, म्हणून शेवटी टास्क मॅनेजरमधून ते बंद करावे लागते.

माझी दोन खाती आहेत. एक आयमॅप आहे. दुसरे जुने खाते पॉप पद्धतीचे असून त्यातील पत्रे सर्व्हरवर राहत नाहीत. अनेक वर्षांचा कामाचा पत्रव्यवहार फक्त याच संगणकावर आहे. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला, पण काडीचाही फरक पडला नाही. ‘प्रोफाइल पुसून नवीन तयार करा’ असा सल्ला एके ठिकाणी वाचला, परंतु पत्रे जातील या भीतीने मी तिला हात लावलेला नाही. आधी काय तपासावे आणि नंतर काय, हे कृपया सांगावे.

दीपमाळ

प्रोफाइल पुसली नाही हे उत्तम झाले. प्रोग्राम पुन्हा टाकून फरक पडत नाही याचे कारण असे, की थंडरबर्ड एका जागी असते आणि आपली पत्रे, खात्यांची माहिती व अ‍ॅड-ऑन असलेली प्रोफाइल दुसऱ्या जागी असते. प्रोग्राम काढला तरी प्रोफाइल जशीच्या तशी राहते, आणि बिघाड तिच्यात असेल तर तोही तसाच राहतो.

म्हणून सर्वप्रथम थंडरबर्ड पूर्ण बंद करून प्रोफाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत ‘अ‍ॅपडेटा’ हा शब्द इंग्रजीत, मागेपुढे टक्क्याचे चिन्ह देऊन टाइप करावा. उघडलेल्या जागी थंडरबर्डचे फोल्डर असेल. ते संपूर्ण कॉपी करावे. ही प्रत हाती येईपर्यंत पुढचे काहीही करू नये.

त्यानंतर शिफ्ट बटण दाबून धरून थंडरबर्ड सुरू करावे. ते ट्रबलशूट मोडमध्ये, म्हणजे अ‍ॅड-ऑन, थीम आणि हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन बंद ठेवून उघडते. तसे उघडल्यावर ते सुरळीत चालले, तर दोष या तिघांपैकी कशात तरी आहे.

वाटाड्या

ग्लोबल सर्चचा डेटाबेस बिघडल्यानेही असे होऊ शकते. प्रोफाइलमध्ये ‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी’ नावाची एस्क्यूलाइट फाइल असते. थंडरबर्ड बंद असताना ती काढून टाकली तरी पत्रे जात नाहीत; शोधासाठीची नोंद ते नव्याने बनवते.

सूचिपत्र

वरील सल्ला चुकीचा नाही, पण त्याची पाळी अजून आलेली नाही असे मला वाटते. पत्रे भरपूर असतील तर तो डेटाबेस पुन्हा बनताना संगणकावर बराच ताण येतो, आणि मूळ कारण दुसरे असेल तर नव्या गोंधळात जुना शोधणे अवघड होते. काहीही काढण्यापूर्वी प्रोग्राम नेमका कशासाठी अडून बसला आहे, ते पाहावे.

याची एक साधी रीत आहे. टास्क मॅनेजर आधीच उघडून ठेवावा, नंतर थंडरबर्ड सुरू करावे आणि ते गोठल्यावर त्याच्या ओळीतील सीपीयू व डिस्कचे आकडे पाहावेत. दोन्ही जवळजवळ शून्य असतील तर ते बहुधा सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत आहे. नेटवर्क तोडून पुन्हा सुरू केल्यावर ते गोठले नाही, तर ही शंका पक्की होते. उलट आकडे सतत वर असतील तर ते गोठलेले नसून काम करत आहे, फक्त त्या कामात खिडकीला प्रतिसाद द्यायला त्याला उसंत नाही. त्याच वेळी अँटीव्हायरसच्या ओळीवरही नजर ठेवावी.

शिवाय प्रोफाइलमधील ‘मेल’ या फोल्डरात पॉप खात्याची इनबॉक्स फाइल किती मोठी आहे, आणि तिच्या शेजारच्या त्याच नावाच्या एमएसएफ फाइलचा आकार काय आहे, तेही कळवावे.

मुक्ताक्षर

प्रोफाइलची प्रत घेतली आहे. ट्रबलशूट मोडमध्येही ते गोठते आणि नेटवर्क तोडल्यावरही गोठते. गोठलेले असताना थंडरबर्डचा डिस्कचा आकडा सतत वर असतो आणि अँटीव्हायरसही तितक्याच जोमाने डिस्क वाचत असतो. इनबॉक्स फाइल ११ जीबी आहे, तर तिची एमएसएफ फाइल जेमतेम काही केबीची आहे. खिडकी पांढरी पडण्यापूर्वी खालच्या पट्टीवर ‘बिल्डिंग समरी फाइल’ असे क्षणभर दिसते. त्याच फोल्डरात ‘एनएसटीएमपी’ नावाची एक भलीमोठी फाइलही आहे, जी मी तयार केलेली नाही.

सूचिपत्र

मग उलगडा बराचसा झाला. थंडरबर्ड नेहमीच्या पद्धतीत एका फोल्डरातील सगळी पत्रे एकाच एमबॉक्स फाइलमध्ये एकामागून एक लिहिते, आणि कोणते पत्र कुठे सुरू होते याची अनुक्रमणिका एमएसएफ फाइलमध्ये ठेवते. ही अनुक्रमणिका मूळ फाइलशी जुळली नाही, तर पूर्ण ११ जीबी पहिल्यापासून वाचून ती नव्याने बनवावी लागते. आपल्याकडे हेच चालू आहे. अँटीव्हायरसही तीच फाइल वाचत असल्यामुळे काम आणखी रेंगाळते, आणि ते संपण्याआधीच प्रोग्राम बंद केला गेल्याने पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

ती भलीमोठी फाइल कॉम्पॅक्ट करताना बनणारी तात्पुरती प्रत आहे. पुसलेले पत्र एमबॉक्स फाइलमधून लगेच जात नाही, त्यावर फक्त खूण होते. कॉम्पॅक्ट केल्यावर उरलेली पत्रे नव्या फाइलमध्ये उतरवली जातात. त्यासाठी डिस्कवर जवळजवळ तितकीच मोकळी जागा लागते, आणि ती नसेल तर काम अर्ध्यावर थांबून ही फाइल मागे राहते. इनबॉक्समधील पत्रे नीट दिसल्याची खात्री होईपर्यंत ती पुसू नये.

आता थंडरबर्ड बंद करून इनबॉक्सची फक्त एमएसएफ फाइल काढावी. नाव नीट वाचावे: विस्तार नसलेली ‘इनबॉक्स’ ही फाइल म्हणजे प्रत्यक्ष पत्रे आहेत, तिला धक्का लावू नये. अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये प्रोफाइलचे फोल्डर तपासणीतून वगळावे. मी हे केवळ वेगासाठी सांगत नाही. एखाद्या पत्रात व्हायरस सापडल्यास काही अँटीव्हायरस ती अख्खी फाइल, म्हणजे पूर्ण इनबॉक्स, क्वारंटाइनमध्ये टाकतात. मग नेटवर्क तोडून थंडरबर्ड सुरू करावे आणि डिस्कचा आकडा खाली येईपर्यंत ते मुळीच बंद करू नये, खिडकी कितीही वेळ पांढरी राहिली तरी.

मुक्ताक्षर

सांगितल्याप्रमाणे केले. खिडकी बराच वेळ पांढरी होती, पण डिस्क वाचली जात आहे हे दिसत असल्यामुळे धीर धरता आला. नंतर पूर्ण यादी आली. सर्वांत जुने आणि मधल्या काळातील काही पत्रे जोडपत्रांसह उघडून पाहिली, ती शाबूत आहेत. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर थंडरबर्ड लगेच वापरता आले. डिस्कवर मोकळी जागा खरोखरच फार थोडी होती. आपणा सर्वांचे मनापासून आभार. आता कॉम्पॅक्ट करावे का?

सूचिपत्र

आधी जागा करावी. पत्रे नीट दिसत आहेत आणि प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे, तेव्हा थंडरबर्ड बंद करून ती ‘एनएसटीएमपी’ फाइल आता काढता येईल. त्यानंतर लोकल फोल्डर्समध्ये वर्षवार फोल्डर करून जुनी पत्रे थोडी थोडी हलवावीत. हलवलेली पत्रेही मूळ फाइलमधून कॉम्पॅक्ट केल्याशिवाय जात नाहीत, म्हणून हे काम सुरू असताना डिस्क उलट अधिक भरेल; निदान इनबॉक्सच्या दुप्पट जागा मोकळी नसेल तर थांबावे. ती असेल तर इनबॉक्सवर राइट-क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ निवडावे आणि ते पूर्ण होईपर्यंत संगणक स्लीपमध्ये जाणार नाही याची काळजी घ्यावी.