कनोलात काळे वाणी, कधी मारायचे?

कोरडवाहू: साउथ ऑस्ट्रेलियात धान्याच्या फार्मवर कामाला आहे, पहिलाच सीझन. एप्रिलमध्ये पहिला पाऊस पडला आणि दोन दिवसात शेतात वाणीच वाणी (पुष्कळ पायांचे लांबट किडे), काळे गुळगुळीत, तीन-चार सेंटिमीटरचे, हात लावला की पिवळा घाण वासाचा रस सोडतात. कनोला (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) आत्ता कुठे दोन पानांवर आलंय आणि ओळीच्या ओळी साफ. शेजारच्या गव्हाला मात्र काही नाही. मालक म्हणतो थांब, आपोआप जातील. उन्हाळ्यात तर एकही दिसला नव्हता मग एवढे आले कुठून??

सालकाढ्या: गेले नव्हतेच रे, काडीकचऱ्याखाली, जमिनीच्या भेगांत, झाडांच्या सालीखाली गप्प पडून होते. हे पोर्तुगीज वाणी, पोर्ट लिंकनला 1953 मध्ये पहिल्यांदा सापडले. यांचं सगळं घड्याळ शरदातल्या (तिकडे एप्रिल म्हणजे शरद) पहिल्या पावसावर चालतं, पाऊस झाला की वर येतात, चरतात, जोडी जमवतात, आणि मादी मातीत खड्डा करून एकदम 200 च्या आसपास अंडी घालते. नेमकी तुमची पेरणी तेव्हाच. पिल्लू निघतं तेव्हा त्याला पायच नसतात, पहिली कात टाकली की तीन जोड्या येतात आणि मग प्रत्येक कातीला अंगाची कडी आणि पाय वाढत जातात. वर्षभरात 7 ते 9 व्या टप्प्यापर्यंत (दर कातीला एक टप्पा) पोचतं आणि वयात यायला दोन वर्षं, म्हणजे 10-11 वा टप्पा. तर आज जे मोठे काळे दिसतायत ती निदान दोन वर्षांपूर्वीची अंडी समज. मालक म्हणतो तसे वसंतानंतर दिसेनासे होतील पण अंडी घालून झालेली असतील ना!

रातपाळी: वरचं बरोबर. एक गंमत, मोठे नर वसंतात कात टाकतात तेव्हा त्यांचे प्रजननाचे अवयवच जातात आणि उन्हाळा संपता संपता पुढच्या कातीला परत येतात. त्यामुळे वसंतात वाणी मारून समाधान मिळेल, पिढी तुटणार नाही. जे काय करायचं ते अंडी घालायच्या आधी.
आणि औषधाचं बोलण्याआधी रात्री टॉर्च घेऊन जा. वाणी मुळात कुजका पाला खाणारे, कनोला सगळेच खात नाहीत. इअरविग (शेपटीला चिमटा असलेला किडा), स्लेटर (ओलीत राहणारा करडा चपटा किडा), गोगलगाय, यातलं कोणीही असू शकतं आणि सकाळी नाव वाण्याचं कारण तेवढाच दिसतो. गहू वाचला कारण त्याचा कोंब सुरुवातीला जमिनीखाली असतो, पान खाल्लं तरी फुटतो, कनोलाचा वर उघडा.

कोरडवाहू: काल रात्री गेलो होतो. वाणी आहेत पण निम्म्या रोपांवर स्लेटर बसलेले, मान्य. मागच्या पिकाची काडी तशीच पडून आहे तिथे सगळ्यात जास्त. जाळायची का?

सालकाढ्या: जाळली की ओल आणि माती दोन्ही जाणार, वाऱ्याचा मुलूख आहे तो. जिथे त्रास तेवढ्याच पट्ट्यात काडी कमी कर आणि तिथे कनोलाऐवजी गहू टाक. आणि वसंतात कनोला कापून ओळीत टाकाल तेव्हा त्याखाली बघ, तिथे लपतात आणि हार्वेस्टरमधून थेट दाण्यात येतात.

कोरडवाहू: हे मालकाला सांगतो, दाण्यात येतात म्हटल्यावर ऐकेल.