वारंवार तुंबणारे कमोड बदलायचे आहे. कोणत्या प्रकारचे घ्यावे?

कोथरूडकर:

नमस्कार. आमची इमारत १९८६ सालची असून आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. आईच्या गुडघ्यांमुळे चार वर्षांपूर्वी भारतीय पद्धतीचे भांडे काढून तेथे वन पीस, म्हणजे टाकी आणि भांडे एकसंध असलेले, कमोड बसवून घेतले. दिसायला ते सुरेख आहे आणि आवाजही फारसा करत नाही, परंतु दर दहा-पंधरा दिवसांनी हमखास तुंबते. फ्लश केला की पाणी काठाच्या चार बोटे खाली येईपर्यंत चढते, क्षणभर थबकते आणि मग मोठे बुडबुडे सोडत सावकाश उतरते. रबरी पंप अडकवायला दाराआड खिळा ठोकून घेतला आहे, यावरून काय ते समजावे.

घरात टिश्यू पेपर वापरत नाहीत आणि सॅनिटरी पॅड वगैरे कोणी भांड्यात टाकत नाही. खालचे चेंबर दोनदा उघडून पाहिले, ते स्वच्छ होते. वरच्या-खालच्या शेजाऱ्यांचीही काही तक्रार नाही. प्लंबर म्हणतो टाकी मोठी बसवा, दुकानदार म्हणतो वरच्या किमतीचे मॉडेल घ्या.

आता खालच्या सदनिकेच्या छताला ओल आल्यामुळे वॉटरप्रूफिंगसाठी लादी फोडावीच लागणार आहे, तेव्हा त्याच कामात कमोडही बदलावे असा विचार आहे. सध्याचे एस ट्रॅपचे, म्हणजे निकासाचे तोंड खाली जमिनीत असलेले, असून मागच्या भिंतीपासून त्या तोंडाच्या मध्यापर्यंतचे अंतर नऊ इंच आहे. पाणी गच्चीवरील टाकीचे आहे. वन पीस, टू पीस (टाकी वेगळी असलेले) आणि वॉल हंग (भिंतीवर टांगलेले) यांपैकी कमी तुंबणारे कोणते?

जुना नळकामगार:

वन पीस, टू पीस आणि वॉल हंग हे शब्द टाकी कोठे आहे आणि भांडे कशावर टेकले आहे एवढेच सांगतात. तुंबणे ठरते ते भांड्याच्या पोटातील वाटेवर, आणि त्या दृष्टीने प्रकार दोनच आहेत.

आपण वर्णन केलेले, शांत आणि पाण्याचा मोठा पृष्ठभाग असलेले भांडे बहुधा सायफॉनिक असावे. त्यात मागची वाट लांब आणि नागमोडी असते, रुंदी साधारण दोन ते सव्वादोन इंच. ती वाट पाण्याने पूर्ण भरली की सायफन तयार होतो आणि सगळे एकदम ओढून नेतो. ओढ जबरदस्त असते, पण वाट भरेपर्यंत पुरेसे पाणी पुरेशा वेगाने आले नाही तर सायफन बनतच नाही आणि मैला वळणातच बसून राहतो. दुसरा प्रकार वॉश डाउन. त्यात ओढ नसते, वरून पडणारे पाणी आपल्या वजनाने सगळे पुढे ढकलते; वाट आखूड आणि तीन इंचांच्या आसपास रुंद असते, त्यामुळे अडकायला जागाच कमी. त्याचे उणे म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग लहान असल्याने भांड्याच्या उतारावर डाग राहतात आणि ब्रश वरचेवर फिरवावा लागतो. आपल्याकडे ज्या घरी पाण्याचा दाब आणि टाकीची भरती यांचा भरवसा नाही, तेथे मी डोळे मिटून वॉश डाउन सुचवतो.

मात्र नवे भांडे घेण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण आपण सांगितलेले बुडबुडे मला खटकत आहेत. भारतीय पद्धतीच्या भांड्याला स्वतःचा ट्रॅप, म्हणजे पाणी उभे राहून दुर्गंधी अडवणारे वळण, नसतो. तो त्याच्या खाली, लादीच्या पोटात वेगळा बसवलेला असतो. कमोडला ट्रॅप अंगचाच असतो. जुने भांडे काढताना पुष्कळ गवंडी खालचा ट्रॅप काढत नाहीत, कारण तो काढायचा तर आणखी फूटभर खणावे लागते आणि बीडाच्या पाइपाचा जोड उकलावा लागतो. ते कमोडचे तोंड सरळ त्या जुन्या ट्रॅपवर बसवून मोकळे होतात. मग एकापाठोपाठ दोन ट्रॅप होतात, दोन्हींत पाणी उभे असते आणि मधली हवा कोंडते. फ्लशचे पाणी आले की ती हवा त्याला अडवते आणि वाट मिळेल तशी भांड्यातून वर येते. असे असेल तर कोणत्याही किमतीचे कमोड बसवा, ते तुंबणारच.

लादी फोडण्याआधी अंदाज घ्यायचा असेल तर एक बादली पाणी, आठ-दहा लिटर, कमरेच्या उंचीवरून एका झटक्यात ओता. पाणी सरकन गेले तर दोष टाकीकडे किंवा काठाच्या भोकांकडे शोधावा. बादलीचे पाणीही चढून बुडबुडत उतरले तर दोष ट्रॅपमध्ये किंवा पुढच्या पाइपात आहे.

सांगलीकर:

वरील उत्तराशी सहमत. आमच्याकडे बोअरचे पाणी असल्याने दोन वर्षांत काठाखालची भोके क्षारांनी बुजली होती आणि टाकी भरलेली असूनही पाणी नुसते ओघळत होते. दाढी करायचा आरसा काठाखाली धरला तर ती भोके स्पष्ट दिसतात. दुसरे असे की दुहेरी बटणाच्या टाकीत लहान बटणाने तीन लिटर आणि मोठ्याने सहा लिटर पाणी येते. आमच्या घरी पाणी वाचवण्याच्या सद्हेतूने सर्वजण सर्व प्रसंगी लहानच बटण दाबत असत. ती सवय मोडल्यावर निम्मी तक्रार मिटली.

ओंटारिओवासी:

येथील अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहितो. उत्तर अमेरिकेत घरोघरी सायफॉनिक भांडीच असतात. अमेरिकेने १९९२ च्या कायद्याने नव्या घरगुती कमोडसाठी १.६ गॅलन, म्हणजे सुमारे सहा लिटरांची मर्यादा घातली आणि ती १९९४ पासून लागू झाली. त्याआधी साडेतीन गॅलनची, म्हणजे तेरा लिटरांहून अधिक पाण्याची भांडी सर्रास होती. सुरुवातीच्या अनेक मॉडेलांत पाणी कमी केले पण आतली वाट आणि झडप फारशी बदलली नाही, आणि लोक तुंबण्याला अक्षरशः विटले. त्यातूनच २००३ मध्ये 'मॅप' नावाची चाचणी पुढे आली: सोयाबीनच्या लगद्याच्या वळ्या भांड्यात टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम वाहून जातात हे मोजतात. कमाल आकडा १००० ग्रॅम असतो. माझ्या भांड्याचा ८०० आहे आणि सहा वर्षांत पंप लागलेला नाही. तेव्हा सायफॉनिक म्हणजे वाईटच असे सरसकट म्हणता येणार नाही. फक्त हे आकडे पाहून तिकडे आयात मॉडेल घेण्याच्या भानगडीत पडू नये, कारण येथील अंतर बहुतेक वेळा बारा इंचांचे असते आणि आपल्या नऊ इंचांवर ते भांडे बसणारच नाही.

कोथरूडकर:

सर्वांचे मनापासून आभार. बादलीचा प्रयोग त्याच रात्री केला. पाणी चढले आणि बुडबुडत उतरले. काल लादी फोडली. गवंड्याने कमोड उचलून बाजूला ठेवले, विटांचा चुरा उपसला आणि खाली जुना बीडाचा ट्रॅप जसाच्या तसा निघाला. त्याच्या वळणात दोन बोटे जाडीचा घट्ट थर साचलेला होता आणि त्यात आईच्या हरवलेल्या काचेच्या बांगडीचा तुकडाही सापडला. चार वर्षे मी कंपनीला बोल लावत होतो.

आता ट्रॅप काढायचा हे ठरले आहे. तरीही भांडे वॉश डाउनच घ्यावे का, आणि आईसाठी वॉल हंग सोयीचे पडेल का?

जुना नळकामगार:

ट्रॅप गेल्यावर सध्याचे भांडेही कदाचित नीट चालेल. पण लादी उघडीच आहे आणि गच्चीच्या टाकीत रोज सकाळी पाणी असेलच असे नाही, म्हणून वॉश डाउन घ्यावे. वॉल हंग भांडी बहुतांशी वॉश डाउनच असतात आणि उंची आपल्याला हवी तशी ठेवता येते, ही आईंच्या दृष्टीने मोठी सोय आहे. परंतु आपली मागची भिंत साडेचार इंची असेल तर नुसत्या भिंतीवर भांडे टांगू नका; जमिनीवर पाय रोवलेली लोखंडी चौकट लागते, आणि टाकीची पुढची सगळी दुरुस्ती बटणाच्या पट्टीमागील खिडकीतून हात घालून करावी लागते. तेवढा खर्च नको असेल तर जमिनीवरचे, जरा उंच बैठकीचे टू पीस घ्या.

दुकानात भांडे उलटे करून घ्या आणि मागच्या तोंडातून हात आत घाला. बोटांना गुळगुळीत चकाकी लागली पाहिजे. खरखरीत कच्ची माती लागली तर ते मॉडेल सोडून द्या. पाइपाला मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार ठेवून घ्या आणि लादी बसवण्यापूर्वी बादली पुन्हा एकदा ओतून बघा. नऊ इंचांचे अंतर मात्र नव्या टाइल्स लागल्यानंतरच्या भिंतीपासून मोजायचे असते. जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवणार असाल तर त्या अंतरातला जवळपास अर्धा-पाऊण इंच जातो, म्हणून गवंड्याला आजच विचारून ठेवा.