भुसावळच्या उन्हाळ्यात दोन महिन्यांचे पिल्लू: आंघोळ, लसी आणि घरातली सुरक्षितता

तापीकाठची (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मुलीने फार दिवस धरलेला हट्ट पुरवण्यासाठी आम्ही नात्यातल्या एका घरून लॅब्रॅडॉर जातीचे मादी पिल्लू भुसावळला आणले आहे. तिचे वय सुमारे दोन महिने असून अजून एकही लस दिलेली नाही. आमच्या घरी गुरे पहिल्यापासून आहेत, पण घरात वावरणारा कुत्रा आम्ही कधी पाळलेला नाही, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

ऊन वाढत चालले असल्यामुळे तिला रोज आंघोळ घालावी का, आणि अंगावरचे केस भादरून टाकले तर तिला बरे वाटेल का? तिच्या कानांमागे गोचीड दिसले आहेत. गुरांना लावतो तेच औषध पाणी वाढवून लावावे, असे सासरे म्हणतात. सध्या तिला दूध-भाकरी देतो, ते पुरेसे आहे का? ती मुलीच्या हाताला सारखे दात लावते, परंतु एवढ्याशा पिल्लाच्या दातांनी काही होत नाही असे शेजारी सांगतात. घरात कूलर आहे, वर गच्ची आहे आणि मागच्या खोलीत शेतीचे सामान असते. यांपैकी कशाची काळजी आधी घ्यावी, हेच मला कळेनासे झाले आहे.

चोपडा_पशुसेवा

ताई, आंघोळीचा विचार सर्वांत शेवटी करा. आधी लस आणि जंतनाशक. या वयाच्या पिल्लांचा जीव बहुतेक वेळा पार्व्हो आणि डिस्टेंपर या दोन आजारांनी जातो, आणि दोन्हींवर एकत्रित लस मिळते. पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात द्यायची असते, म्हणजे तुमच्या पिल्लासाठी ती वेळ आत्ताच आहे. त्यानंतर दर तीन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत ती पुन्हा द्यावी लागते. एकदा दिली की झाले, असा अनेकांचा समज असतो. पण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारद्रव्ये पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत लसीला आपले काम नीट करू देत नाहीत, आणि ती नेमकी कधी ओसरतात हे प्रत्येक पिल्लात वेगळे असल्यामुळे मात्रा पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात आणि त्यानंतर वर्षाने पुन्हा द्यावी. जंताचे औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी व पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, वजन करूनच द्यावे.

लसी पूर्ण होईपर्यंत भटकी कुत्री फिरतात त्या जागी पिल्लाला जमिनीवर सोडू नका. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि फिनाईलने तो खात्रीने मरत नाही. त्यासाठी तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून फरशीवर दहा मिनिटे ठेवावे व नंतर फरशी स्वच्छ धुऊन वाळवावी. पिल्लाने खाणे सोडले, उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

गुरांचे गोचीड-औषध मात्र कृपा करून लावू नका. ती औषधे बहुधा अमिट्राझ, सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनची असतात आणि त्यांचे प्रमाण जनावराच्या मोठ्या अंगाच्या हिशेबाने ठरवलेले असते. पिल्लू अंग चाटते, औषध पोटात जाते, आणि मग लाळ गळणे, थरथरणे, झटके येणे असे प्रकार होतात. अंदाजाने पाणी वाढवल्याने हा धोका टळत नाही. पशुवैद्याकडून वयाला आणि वजनाला योग्य असे औषध घ्या. घरात मांजर असेल तर तेही सांगा, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतले परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते. दिसलेले गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावेत आणि हाताने न चिरडता साबणाच्या पाण्यात टाकावेत. पोट भरलेली गोचिडीची मादी खाली पडून भिंतीच्या भेगांत हजारोंच्या संख्येने अंडी घालते, म्हणून गोठ्याच्या आणि घराच्या भेगा बुजवल्याशिवाय त्यांचा पुरता बंदोबस्त होत नाही. ताप, हिरड्या पांढुरक्या पडणे किंवा नाकातून रक्त येणे ही गोचीड-तापाची लक्षणे असू शकतात.

आंघोळ लसी पूर्ण झाल्यावर तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरेशी आहे, आणि तीही कुत्र्यांच्या शाम्पूने, कारण माणसांच्या साबणाने त्यांची त्वचा कोरडी पडते. तोवर ओल्या फडक्याने अंग पुसा आणि रोज विंचरा. लॅब्रॅडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. ते उन्हापासूनही त्याचे रक्षण करतात, त्यामुळे भादरू नका. विंचरून आतले सुटलेले केस काढले की पुरे.

जळगावचा_श्वानपालक

वरच्या उत्तरात उन्हाचा मुद्दा थोडक्यात आला आहे, पण आपल्या भागात पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो, त्यामुळे त्यावर सविस्तर लिहितो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तोंडातला ओलावा वाफ होऊन जातो, त्यानेच त्याचे शरीर थंड होते. खिडक्या बंद करून कूलर लावला की खोलीत दमटपणा साठतो आणि धापा टाकूनही त्याची उष्णता उतरत नाही. म्हणून कूलरसमोरची एक खिडकी किंवा दार उघडे ठेवावे. मृगाचा पाऊस पडण्याआधीच्या दमट दिवसांत तर कूलरवर विसंबूच नये. बरेच जण प्रेमापोटी कुत्र्याच्या अंगावर ओले पोते पांघरतात. त्याने उष्णता आत कोंडते. पोते ओले करून अंगाखाली अंथरावे.

कूलरचा दुसरा धोका विजेचा आहे. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसेल आणि पिल्लाने वायर चावली किंवा टाकीतले पाणी पिण्यासाठी तोंड लावले, तर जागीच मृत्यू येऊ शकतो. वायर पाइपातून घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि पाण्याचे वेगळे भांडे सावलीत ठेवा.

लसी पूर्ण झाल्यावर फिरायला पहाटे न्यावे. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर तापलेलेच असते, म्हणून तळहाताची पाठ रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. तुम्हाला सहन झाले नाही तर तिच्या पंजांनाही होणार नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते आणि ते 41 च्या घरात गेले की उष्माघात समजावा. जोरात धाप, चिकट लाळ, लडखडणे असे दिसताच आधी साध्या पाण्याने अंग, पोट आणि पाय भिजवून पंखा लावावा आणि मगच दवाखान्याकडे निघावे. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

जेवणाबद्दल एक गोष्ट आपल्या घरांत विशेष महत्त्वाची आहे. भरिताचे उरलेले, शेवभाजीचा रस्सा, काळ्या मसाल्याची आमटी तिला कधीही देऊ नका. कांदा आणि लसूण, शिजवलेलेसुद्धा, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि लक्षणे काही दिवसांनी दिसत असल्यामुळे कारण लक्षात येत नाही. द्राक्षे, मनुके, चॉकलेट आणि चिकनची शिजवलेली हाडेही वर्ज्य आहेत. केळीचे दोन-चार काप चालतात, साल नको. दूध-भाकरीवर वाढत्या पिल्लाला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत, शिवाय दुधाने अनेक पिल्लांना जुलाब लागतात. उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे चिकन व भात, किंवा पिल्लांसाठीचे तयार खाद्य द्यावे आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे.

मागच्या खोलीला मात्र आजच कडी लावा. कपाशीच्या फवारणीची औषधे, त्यांचे रिकामे डबे, उंदराच्या गोळ्या, सरकीला चोळायचे औषध, यांपैकी काहीही जमिनीवर नसावे. अंगणात कण्हेर, बिट्टी किंवा एरंड असेल तर त्याभोवती जाळी घाला. गच्चीच्या कठड्यातल्या फटीतून पिल्लाचे डोके जात असेल तर अख्खे पिल्लूही जाऊ शकते.

अमळनेर_परिचारिका

ताई, मी फक्त दातांच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण त्याबाबत चुकीचा समज फार पसरलेला आहे. रेबीज पिल्लालाही होऊ शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मुलीच्या हातावर ओरखडा उठला किंवा रक्त आले असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, तिखट किंवा चुना भरू नका. त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जा. तेथे रेबीजची लस मोफत मिळते. कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस 0, 3, 7 आणि 28 असे असतात. रक्त आलेली जखम असेल तर जखमेभोवती वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते, म्हणून ते आवर्जून विचारा. पिल्लू दहा दिवस नजरेसमोर ठेवा आणि त्यात ते आजारी पडले किंवा दगावले तर डॉक्टरांना लगेच कळवा. दहा दिवस ते ठणठणीत राहिले तर पुढच्या मात्रांचा निर्णय डॉक्टर घेतील, तुम्ही स्वतः थांबवू नका.

तापीकाठची

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. मुलीच्या बोटावर एक जुना ओरखडा आहे, त्यामुळे आज तिला रुग्णालयात दाखवते आणि पिल्लाला उद्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेते. सासऱ्यांनाही हे वाचून दाखवले; औषधाचा डबा त्यांनी स्वतःच उचलून माळ्यावर ठेवला. नखे आणि कान यांचे काय करावे, एवढे सांगावे.

चोपडा_पशुसेवा

मुलीच्या ओरखड्याबद्दल आणि पिल्लाच्या आईला रेबीजची लस दिली होती का याबद्दल, रुग्णालय आणि पशुवैद्यकीय दवाखाना अशा दोन्ही ठिकाणी सांगा. नखांचे फक्त टोक कापावे. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, काळ्यात दिसत नाही, म्हणून तेथे अगदी थोडे थोडे कापत जावे आणि रक्त आलेच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरावे. आत्तापासून रोज तिचे पंजे आणि कान हातात घेत जा, म्हणजे मोठेपणी ती विरोध करणार नाही. लॅब्रॅडॉरचे कान लोंबते असल्यामुळे पाण्यात खेळल्यावर ते आतून कोरडे करावे लागतात. बोटाला मऊ फडके गुंडाळून दिसेल तेवढाच भाग पुसावा, आत काडी घालू नये, आणि वास येऊ लागला किंवा ती सारखे डोके झटकू लागली तर कानात घरचे तेल न टाकता पशुवैद्याला दाखवावे.