कॅलिफोर्निया: नियम लागू होण्याची तारीख पुढे ढकलायची आहे

प्रश्न: ऑगस्टअखेर नियम दाखल झाला तर १ ऑक्टोबरला लागू होईल. नियम करणाऱ्या राज्य सरकारच्या विभागाला १ जानेवारी हवी आहे. काय करावं लागेल?

उत्तर १: फॉर्म ४०० वर (नियमासोबत पाठवायचा अर्ज) पुढची तारीख नमूद करा. कारण द्यावं लागत नाही. सबळ कारण लागतं ते तारीख अलीकडे ओढायला.

उत्तर २: हिशेबाला धरतात ती सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (राज्याचे अधिकृत दस्तऐवज सांभाळणारा अधिकारी) दाखल झाल्याची तारीख. त्याआधी ऑफिस ऑफ ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉची (विभागांचे नियम तपासणारं राज्याचं कार्यालय) छाननी असते, तिला कामकाजाचे ३० दिवस. जुलैच्या शेवटी पाठवलात तर बहुधा सप्टेंबर उजाडेल, आणि १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबरमध्ये दाखल झालेला नियम तसाही १ जानेवारीलाच लागू होतो! मूळ कायद्यातच तारीख असेल तर मात्र हात बांधलेले.

उत्तर ३: फॉर्मवरचा तो रकाना तपासूनच पाठवा. दाखल झाल्यावर नुसत्या पत्राने तारीख हलत नाही.